राहू दे

खिचडी अजून मेट्रोच्या खांबांखाली कुठेतरी आहे
आणि फोन मला विचारतोय:
वीस, तीस, की पन्नास?
तिसाखाली बारीक अक्षरांत, बहुतेक लोक एवढे देतात.
बहुतेक लोकांशी माझी ओळख नाही.
मी कासारवडवलीला, एकोणिसाव्या मजल्यावर,
बायको चिपळूणला बहिणीकडे,
म्हणून कढी-खिचडी, एक पापड,
दोनशे सत्त्याऐंशी रुपये, रोख.

काम व्हायच्या आधी येणारे पैसे
मी पाहिलेत.
सत्तावीस वर्षं जकात नाक्यावर पावत्या फाडल्या.
तिथं याला चहापाणी म्हणत,
आणि चहा कुणीच पीत नसे.

मग म्हणायचं काय याला?
बक्षीस म्हटलं की आपल्याच डोक्यावर साहेबाची हॅट येते.
पोस्त वर्षातून एकदा, दिवाळीला, पोस्टमनला,
तीही उंबऱ्याच्या आतून.
खुशाली म्हणावी तर आधी खूश व्हायला हवं,
आणि कढी सांडलेली निघाली तर?
पोरं टिप म्हणतात.
टिपतात त्या चिमण्या.

मी बटण दाबलं नाही.

नाव आलं, जयेंद्र वारघडे.
नकाशावर एक एवढीशी दुचाकी
मानपाड्याला अकरा मिनिटं एकाच जागी थरथरत होती.
मी तिला बोटानं पुढे ढकलून पाहिली.
नकाशाच सरकला.

बेल. हेल्मेट काखेत, कपाळावर त्याचा लाल वळ.
"सर्व्हिस लिफ्टनं पाठवलं, काका.
तिच्यात कुणाचा तरी सोफा चालला होता.
उशीर झाला, सॉरी."
सोफ्याची माफी तो मागत होता.

तीनशे दिले. त्यानं शर्ट चाचपला, पँट चाचपली,
फोनच्या कव्हरमागून दहाची नोट निघाली,
तीन रुपये निघेनात.
राहू दे, म्हणालो.
"तीन?"
तेराही.
इतक्या हळू म्हणालो की त्याला पुन्हा विचारावं लागलं,
आणि दुसऱ्यांदा म्हटलेलं राहू दे
मजलाभर ऐकू गेलं.
समोरच्या दाराचं भिंग काळं झालं, मग पुन्हा उजळलं.

देऊन झाल्यावर काय करायचं
हे कुणी शिकवलेलं नाही.
दार लावावं तर तोंडावर लावल्यासारखं,
उघडं ठेवावं तर आभारांची वाट बघतोय जणू.
लिफ्ट सातव्यावर अडकलेली. सोफाच असणार.
तो आकड्यांकडे बघत होता, मी पापडाकडे.
"पाणी?"
"राहू दे, काका."
"गाव कुठलं?"
"मुरबाडच्या पुढे. धसई."
आठ. नऊ. नऊ. नऊ.

नाक्यावर एकदा मे महिन्यात आंब्याचा ट्रक आला होता.
ड्रायव्हरनं पावती परत दिली, सही राहिलीय म्हणून,
आणि घडीत वीसची नोट.
मी नोट धरलेला हात पुढे केला.
तो म्हणाला, राहू दे, साहेब.
राहू दिली.
तिचं पुढं काय झालं आठवत नाही,
मुलाच्या वह्या आल्या असतील, किंवा नसतील.
घडी आठवते. चार पदरी, नखानं दाबलेली.

लिफ्ट आली.
आत शिरून त्यानं पायानं दार अडवलं:
"कढी वरच्या पिशवीत आहे, काका. उभी धरा."
एवढंच. मग दार मिटलं.

तेवढ्यात चिपळूणहून फोन.
जेवलात का, गोळी घेतलीत का,
आणि त्या मुलाला काही दिलंत का?
तेरा, म्हणालो.
"अहो, तेरा कोण देतं?
अकरा द्यायचे, नाहीतर एकवीस."

मी देव्हाऱ्याखालच्या डबीतून
आठ रुपये मोजून काढले, खिडकीशी आलो.
खाली घोडबंदर रोडवर लाल दिव्यांची ओळ लागलेली,
त्यातला कुठला त्याचा, कळायला मार्ग नाही.
नाणी मुठीत गरम झाली.
खिचडी निवली.
कढी ओट्यावर, उभी.